मटणभटांची मात्रा

आमच्या रत्नागिरीच्या मटण मार्केटात रोज सकाळी जनावर तपासायला जे इन्स्पेक्टर येत, त्यांनी जन्मात कधी मटण खाल्लेलं नव्हतं. ही नेमणूक कोणी आणि काय विचार करून केली होती, देव जाणे. कधीकधी नेमणूक करणाऱ्याच्या हातून चुकून एखादं चांगलं काम होऊन जातं, त्यातलीच ही. साल तीसच्या आगेमागे मी आरोग्य खात्यात कारकून होतो. सकाळी सातला त्यांच्यामागून मार्केटात जायचं आणि ते सांगतील ते वहीत लिहून घ्यायचं, ही माझी नोकरी.

गाव त्यांना मटणभट म्हणत असे. पाठीमागे म्हणे आणि तोंडावरही म्हणे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकदा नवीन टपालवाल्याने त्यांनाच विचारलं, "मटणभट कुठे राहतात हो?" साहेब म्हणाले, "हे काय, तुझ्यासमोर उभे आहेत. सकाळी काय खाऊन निघालास?" टपालवाला गांगरला. पण हा त्यांचा रामराम होता. भेटेल त्याला ते 'काय जेवलात' विचारत, आणि ते काही बोलण्यापुरतं नसे. 'जेवलो' म्हटलं की सुटका नाही. काय जेवलात, किती जेवलात, बायको काय जेवली, इथपर्यंत चौकशी चाले. लोक त्यांना लांबून छत्री दिसली की दुसऱ्या आळीला वळत.

छत्री बारा महिने काखेत. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं एक लांब दाभण. टांगलेल्या जनावराच्या मांडीत हाडालगत ते दाभण खुपसायचं, झटकन बाहेर काढायचं आणि नाकाशी धरून डोळे मिटायचे. सगळे खाटीक श्वास धरून उभे. मग डोळे उघडून साहेब म्हणत, "काल संध्याकाळचं. ठीक आहे." किंवा नुसतं माझ्याकडे बघत आणि मी वहीत फुली मारी. त्या नाकाने कधी दगा दिला नाही. देवळात चंदन हुंगावं तितक्या मनोभावे हा माणूस बोकडाची मांडी हुंगे, आणि नंतर घरी जाऊन विहिरीवर डोक्यावरून आंघोळ करून मगच उंबरा ओलांडी. घरात विधवा बहीण होती, ती त्यांचं ताट पडवीत मांडायची. श्राद्धपक्षाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचे दोन्ही पाट रिकामे राहात. ते म्हणत, "ऐसपैस बसायला मिळतं."

एकदा इस्माईल खाटकाने त्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही खात नाही, चाखत नाही, मग तुम्हाला ह्यातलं कळतं कसं?"

"सुईण काय दर वेळी स्वतः बाळंत होते?" साहेब म्हणाले. पुन्हा तो प्रश्न मार्केटात कोणी काढला नाही.

तपासणी झाली की आम्ही कचेरीत परतायला हवं. पण साहेबांचं खरं काम तिथून सुरू होई. ते इस्माईलच्या दुकानाशी उभे राहात आणि गिऱ्हाइकांना उपदेश करत. गावातली बंगलेवाली मंडळी रान मागत, म्हणजे मागच्या मांडीचं मटण. ते सर्वांत आधी संपे. साहेब म्हणत, "रान वाईट म्हणत नाही मी. चरबी कमी, पचायला हलकं. तापातून उठलेल्याला द्या. बरगडीला चरबी फार, ती घाटावरच्या थंडीत पचते, आपल्या घामात नाही. मानेला नि नळीला शिजायला वेळ लागतो, पण रस्सा खरा तिचा. चार आमसुलं टाका नि निवांत उकळू द्या, हाडातलं सगळं सोडते ती. आणि कलेजी..." इथे त्यांचा आवाज खाली यायचा. "कलेजी म्हणजे रक्ताचं कोठार. ज्याच्या अंगात रक्त कमी, त्याने रान खाणं म्हणजे तहान लागली असता भाकरी मागणं."

लोक ऐकत आणि रान घेऊन जात. कलेजी, वजडी, मुंडी, पाय मागे उरत, ते दुपारी बंदरावरचे हमाल नेत. साहेब मला म्हणत, "बघा कारकून, गावातले सगळे शहाणे रान खातात. आणि बोटीवरची पोती कोण उचलतं?"

मेंढराचा त्यांना विशेष कळवळा. आमच्या कोकणात मेंढरू नाही, बोकड. दिवाळी झाली की धनगर आंबा घाटाने मेंढरं उतरवत आणि खाटीक ती घेत. पण गिऱ्हाइक नाक मुरडी. एका रावसाहेबांनी तर मेंढराला मार्केटात बंदीच घाला म्हणून अर्ज केला. मेंढराचं मटण हलकं, त्याला वास येतो, आमच्या घरात ते चालत नाही, असं बरंच काही त्यात होतं. साहेबांनी त्यांना आदराने कचेरीत जेवायला बोलावलं. दोन पातेली मांडली. दोन्हींत रान, दोन्हींत एकच मसाला. रावसाहेबांनी दोन्हींतलं खाल्लं, मिशा पुसल्या आणि पहिल्या पातेल्याला बोट लावून म्हणाले, "हा बोकड. उत्तम आहे."

"त्याची शेपूट राखून ठेवली आहे," साहेब म्हणाले. "बघायची का?"

शेपूट मेंढराची होती.

"वास मेंढरात नसतो, रावसाहेब, पाठीवरच्या चरबीत असतो. ती काढून टाकली की संपलं. आणि थोडा नाकात असतो, त्याला इलाज नाही."

रावसाहेबांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. अर्जाचं पुढे काही झालं नाही.

कचेरीच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी एक स्टोव्ह ठेवला होता. त्यावर मानेचा तुकडा, खांद्याचा तुकडा, मांडीचा तुकडा वेगवेगळा उकळून आधीचं आणि नंतरचं वजन करायचं, हा त्यांचा छंद. चव बघण्याचं काम गोविंद शिपायाकडे. गोविंद मन लावून खाई.

"कशी आहे?"

"बरी हाय."

"बरी म्हणजे? बायको बरी, पाऊस बरा, म्हशीचं दूध बरं. मटणाचं सांग."

गोविंद आणखी एक तुकडा तोंडात घाली आणि विचार करून सांगे, "मटणासारखी हाय, सायेब." साहेब कपाळाला हात लावत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गोविंदालाच बोलावत, कारण तो खोटं बोलत नसे.

मी ह्या सगळ्याला हसत होतो. घरी जाऊन आईला आणि बायकोला नकला करून दाखवत होतो. दाभण हुंगण्याची माझी नक्कल तर इतकी चांगली वठे की आई पदर तोंडाला लावून हसायची. त्याच माणसाने माझं घर राखलं. तेव्हा आता जे सांगतो आहे, ते हसण्यावारी सांगता येत नाही.

त्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले होते. पहिलटकरीण. मार्गशीर्षात तिला जिन्याच्या तीन पायऱ्या चढून दम लागायला लागला. ओठ पांढरे, नखं पांढरी. पाणी आणायला विहिरीवर गेली आणि रहाटाला धरून खाली बसली. दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "रक्त नाही हो हिच्या अंगात. बाळंतपणाला चार महिने आहेत. तेवढ्यात भरलं तर ठीक. नाहीतर त्या वेळी थोडं जरी रक्त गेलं तरी आमच्या हातात काही राहणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी मार्केटात वही उलटी धरून उभा होतो. साहेबांनी ती सुलटी केली आणि विचारलं, "काय जेवलात?"

"काही नाही," म्हणालो आणि तिथेच, टांगलेल्या जनावरांच्या मध्ये, मला रडू आलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग इस्माईलला हाक मारली. "उद्यापासून एक दिवसाआड पावशेर कलेजी ह्यांच्या घरी. मेंढराची. तरुण जनावराची. मी बघून दिल्याशिवाय द्यायची नाही." मला म्हणाले, "जास्त शिजवायची नाही. वरून करवंदी रंगाची झाली की उतरायची. दोन महिन्यांत पापणी लाल दिसेल. नाही दिसली तर माझं नाव मटणभट नाही."

त्याप्रमाणे एक दिवसाआड मी केळीच्या पानात बांधलेली कलेजी घरी नेऊ लागलो. साहेब प्रत्येक कलेजी उजेडात धरून, उलटीपालटी करून, दाबून बघत. त्यांचा हात लागला नाही अशी एकही कलेजी आमच्या घरी आली नाही. बायकोला म्हटलं, "ही तुझ्यासाठी हो." ती हसून बरं म्हणाली. आईने मटण सोडलेलं होतं, तेव्हा खाणारे आम्ही दोघंच. दुपारी माझ्या ताटात वाटपाच्या रश्शात चार-पाच फोडी येत. चांगली लागे. बाकीची पातेल्यात हिच्यासाठी असणार, असं मी धरून चाललो होतो. पातेल्यात काय उरलं आहे ते मी उभ्या आयुष्यात कधी वाकून पाहिलं नव्हतं. आमच्यातला कुठलाच पुरुष पाहात नसे.

माघात पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पापणी ओढली. होती तशी पांढरी. उलट आता पावलांवर सूज दिसत होती. डॉक्टर हात धुवायला गेले. हात धुताना त्यांची पाठ माझ्याकडे होती, ती मला अजून दिसते.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी विश्वासच ठेवीनात. मग त्यांचा चेहरा लाल झाला. कलेजी चुकणं शक्य नाही, तेव्हा खाटीक चुकला, हा त्यांचा हिशेब. भरल्या मार्केटात ते इस्माईलच्या दुकानात शिरले.

"मी बघून देतो ती एक आणि पानात बांधतोस ती दुसरी! म्हाताऱ्या रोगट जनावराची घालतोस. दोन जीव आहेत त्या घरात, लाज नाही वाटली?"

इस्माईलच्या हातातला सुरा खाली आला. "साहेब, अल्लाची शपथ. तुम्ही हात लावलेली कलेजी मी कुत्र्याला बदलून दिली नसती, तुमच्या कारकुनाला कशी देईन?"

"शपथा नकोत मला."

इस्माईलने त्या दिवशी दुकान बंद केलं. गिऱ्हाइकं आपसात बोलू लागली. एका सकाळीत त्याचं नाव खराब झालं. मीही मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, हे आज कबूल करतो.

त्या रविवारी दुपारी साहेब छत्री घेऊन आमच्या दारात उभे. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. मी नुकताच जेवून उठलो होतो. आईने लगबगीने ओटीवर घोंगडी घातली. ते बसले नाहीत. "मुलीला बोलवा," म्हणाले. ही भिंतीला धरून दाराशी आली.

"काय जेवलीस?"

"भात नि रस्सा, काका."

"आणि?"

ही माझ्याकडे बघू लागली. साहेब एकदम माझ्याकडे वळले. "अहो कारकून, इकडे या. उजेडात या. वर बघा." आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझी खालची पापणी ओढली. मग जाऊन हिची पाहिली. पुन्हा येऊन माझी पाहिली. त्या दोन महिन्यांत माझे गाल वर आले होते, कोट पोटावर लागत नव्हता, आणि हे सगळं थंडीमुळे असेल अशी माझी समजूत होती.

साहेबांनी माझी पापणी सोडली आणि शांतपणे विचारलं, "बाळंत कोण होणार आहे? तुम्ही का?"

ही रडायला लागली. पदराआडून म्हणाली, "तेच घराबाहेर जातात, ऊन खातात. किती वाळले होते मध्ये. मी घरातच तर असते." पहिल्या दिवशी तिने दोन फोडी स्वतःला ठेवल्या होत्या म्हणे. मी रस्सा आणखी मागितला तेव्हा त्याही मला वाढल्या. त्यानंतर तिने ठेवणंच सोडलं. पातेलं ती भाकरीने पुसून घेत होती.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय ते मला तेव्हा कळलं. चार महिन्यांतले दोन महिने मी खाऊन टाकले होते, आणि चवीने खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी मार्केट भरलेलं असताना साहेब इस्माईलच्या दुकानासमोर गेले आणि त्यांनी टोपी काढली. डोक्यावरची ती टोपी मी कचेरीतसुद्धा कधी उतरलेली पाहिली नव्हती. "इस्माईल," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तुझी कलेजी चोख होती. चोर ह्यांच्या घरात होता," आणि त्यांनी छत्री माझ्याकडे रोखली. मी मान खाली घातली. इस्माईल घाईघाईने बाहेर आला, त्याने टोपी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "बाईला सुखरूप होऊ द्या साहेब, मग माफीचं बघू." चुकलं तर चारचौघांत चुकलो म्हणणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. वरच्या जागेवरची तर नाहीतच.

पण कलेजी अजून तिच्या पोटात गेलेली नव्हती. मी तिला दटावलं, समजावलं, माझ्या ताटात एक फोड वाढलीस तर जेवणार नाही म्हणालो. ती हो म्हणे, पुढ्यात घेऊन बसे आणि घास हातात तसाच राही. "तुमच्या आधी, तुमच्यावेगळं चांगलंचुंगलं खायचं माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणे. आईही कुरकुरली, "आमच्या घरात अशी रीत न्हाय हो. सासऱ्याच्या वेळेपासून न्हाय." मग सोमवार आला, एकादशी आली, त्या दिवशी चुलीवर मटण चढणार नाही. साहेब रोज विचारत आणि मी रोज मान हलवी. आठवडा असाच गेला.

त्यानंतरच्या सकाळी त्यांनी माझ्या हातात आतून कल्हई केलेला एक पितळेचा डबा ठेवला. डब्याला दवाखान्यातल्या बाटलीला लावतात तशी कागदाची पट्टी चिकटवलेली. कडेने कात्रीने दातरे पाडलेले, एक दातरा म्हणजे एक मात्रा. आणि वर ओळखीच्या कंपाउंडरकडून लिहून घेतलेली चिठ्ठी. तिच्यावर माझ्या बायकोचं नाव, आणि खाली, 'सकाळी एक, दुपारी एक. हलवून घेणे.' पितळेच्या डब्याला मात्रेची पट्टी! आतलं काही बाहेरून दिसायची सोय नाही. मी झाकण उघडलं. आत शिजवून, वाटून केलेली कलेजी. तिला मसाला नाही, कांदा नाही, खोबरं नाही. नुसतं मीठ आणि आमसूल.

"कोणी केलं हे?"

"मी. शेडमध्ये. स्टोव्हवर."

मी त्यांना खालीवर पाहिलं. कोटाच्या बाहीला कलेजीचा डाग होता.

"गोविंदाला चाखायला दिली," ते म्हणाले. "वाईट लागते म्हणाला. म्हणजे जमली."

"वाईट कशाला हो?"

"अहो, चवीचं काही तिच्या हाती पडलं की ते तुमच्या ताटात जाणार. जन्मभराची सवय आहे ती, तुमच्या दटावण्याने जाते होय? म्हणून चव काढून टाकली. आता ते जेवण नाही. औषध आहे."

घरी आईने डबा हातात घेतला. पट्टी पाहिली, चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. नाकाला वास आलाच असणार, जन्म गेला तिचा स्वयंपाकघरात. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. हिलाही ठाऊक होतं. पण पट्टी लावलेली होती ना! आईने डबा देवाच्या फळीवर ठेवला आणि मला बजावलं, "तू हात लावू नको हां. दुसऱ्याचा औषध घेऊ नये. तुझ्या आज्यान भावाचा काढा घेतलान नि म्हयनाभर आंथरूण धरलान." मग सुनेला हाक मारली. "ये गो, मात्रा घे."

आणि तिने घेतली. नाक चिमटीत धरून, तोंड वाकडं करून, चमचाभर चमचाभर संपवली. शहाण्या माणसाने औषध घ्यावं तशी घेतली. सोमवार आला, गुरुवार आला, एकादशी आली. आई म्हणाली, "औषधाला वार नसतो." दुपारची मात्रा चुकली तर तीच ओरडायची. मी ओटीवर बसून भात नि आमटी खात होतो आणि इतकं चांगलं जेवण मी कधी जेवलो नव्हतो.

साहेब रोज सकाळी मार्केटातून येऊन शेडमध्ये कलेजी शिजवत. दारं-खिडक्या उघड्या ठेवत. ब्राह्मणाच्या पोराने रोज मटण रांधावं ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. त्यांच्या बहिणीने चार दिवस त्यांच्याशी बोलणं सोडलं. पाचव्या दिवशी तिने पडवीतल्या ताटाशेजारी एक रिकामा पितळी डबा घासून ठेवला. आदल्या दिवशीचा डबा आमच्याकडेच राही, दुसरा हवाच होता. साहेब मला ही गोष्ट सांगताना खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले.

फाल्गुनात तिच्या पापणीला गुलाबी छटा आली. चैत्रात ती विहिरीवरून स्वतः कळशी आणू लागली, आईने हिसकावून घेतली म्हणून राहिली. भर दुपारी, आंब्याच्या पहिल्या पेट्या बंदरावर निघाल्या त्या दिवसांत, ती दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. रक्त गेलं. पण जायला अंगात होतं. डॉक्टरच म्हणाले तसं.

मी धावत मार्केटात गेलो. साहेब इस्माईलच्या दुकानाशीच होते.

"मुलगी झाली!"

"ते कळेल हो सावकाश. बाईची पापणी पाहिलीत?"

"लाल आहे."

त्यांनी छत्री काखेतून काढली, पुन्हा काखेत घातली. मग इस्माईलकडे बघून म्हणाले, "आता माफीचं बघ." इस्माईलने त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली. ती मात्र त्यांनी खाल्ली.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. मरणाच्या आधी भेटायला गेलेल्या माणसालाही त्यांनी काय जेवलात म्हणून विचारलं असं ऐकलं. त्यांच्या जागी जे आले ते मटण खाणारे होते. त्यांचं नाक बरं नव्हतं.

आमच्या घरात मात्र त्यानंतर रीत पडली. मटण शिजलं की पहिली वाढ बायकांच्या ताटात. आईनेच ती पाडली, आणि पुढे सासऱ्यांच्या वेळेपासूनची असल्यासारखी पाळली. मुलगी ह्याच रितीत वाढली. जगभर असंच असतं अशी तिची समजूत. ती खेडला सासरी गेली आणि पहिल्याच रविवारी सगळ्या पुरुषांच्या आधी तिने कलेजीची फोड स्वतःच्या ताटात घेतली. केवढा गहजब झाला असेल त्याची कल्पना करा.

पहिल्या बाळंतपणाला तिला घेऊन व्याही आले तेव्हा चहा पिता पिता त्यांनी विषय काढलाच. भले गृहस्थ होते, रागावून नाही, पण जरा अवघडून म्हणाले, "तुमच्याकडची ती आधी बायकांना वाढण्याची रीत... कुठल्या देवाचं आहे ते? आमच्याकडे मंडळींना जरा नवीन वाटलं. आता तुमची मुलगीही म्हणते, राहू दे, नंतर जेवेन."

मी चहाचा घोट घेतला. तेवढ्यात ही आतून आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "देवाचं नाही, औषधाचं आहे. आमच्यात आधी पापणी बघतात, मग ताट वाढतात." आणि ती व्याह्यांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

मी कप खाली ठेवला. मुलीला ओटीवर हाक मारली, उजेडाकडे तोंड करून उभी केली. "वर बघ," म्हटलं आणि तिची खालची पापणी ओढली.

पांढरी होती.

मी फळीवरचा पितळेचा डबा काढला आणि चपला पायात सरकवून मार्केटाकडे निघालो. इस्माईलचा मुलगा दुकानात बसत असे, त्याला म्हटलं, तरुण मेंढराची दे, आणि उजेडात धर, मला बघू दे.